कामवाल्या मावशींना थांबवायचंय? महिनाभर आधी सांगा, आणि नीट सांगा

आपल्याकडं घरकामाची बाई कशी बंद करतात माहितेय ना? एकतीस तारखेला मावशी भांडी घासून पदराला हात पुसत उभ्या असतात, पगार हातात पडतो आणि त्याच दमात, "मावशी, उद्यापासून नका येऊ हां, आम्ही जरा दुसरी सोय बघितलीय." झालं. आठ-दहा वर्षं जिच्याकडं घराची किल्ली होती त्या बाईला जिना उतरता उतरता कळतं की पुढच्या महिन्याचं एक घर गेलं. आणि असं करणारी माणसं वाईट असतात असंही नाही बरं का, चांगली देवधर्म करणारी, मावशींच्या पोरीच्या लग्नात जाऊन आहेर देणारी असतात, फक्त हे तोंडावर सांगायचं अवघड वाटतं म्हणून आज नको उद्या सांगू करत ढकलत राहतात आणि शेवटी एकदम बाईच्या अंगावर टाकून मोकळी होतात.

तर पहिलं हे समजून घ्या की तिचा दिवस कसा बसवलेला असतो, कारण बाकी सगळं त्यावरनंच ठरतं. समजा आमच्या कोल्हापुरात एक बाई यादवनगरातनं किंवा राजेंद्रनगरातनं चालत राजारामपुरीत येते. साडेसातला एक घर, मग त्याच गल्लीत दुसरं, साडेनऊ ते साडेदहा तुमचं, नंतर शेजारच्या अपार्टमेंटमध्ये दोन फ्लॅट, दुपारी घरी जाऊन पोरांचं खाणंपिणं आणि संध्याकाळी परत एक घर नुसत्या भांड्याचं. ही सगळी घरं तिनं एकेक करून, वर्षानुवर्षं खटपट करून एका चालीत आणलेली असतात. तुमचं घर बंद झालं म्हणजे नुसते दोन हजार कमी झाले असं नसतं, साडेनऊ ते साडेदहा हा तास मोकळा पडतो, आणि तो भरायला तिला त्याच गल्लीत, त्याच वेळेचं घर पाहिजे. ताराबाई पार्कात घर मिळालं तरी उपयोग काय, जायला यायला केएमटी बसचे पैसे आणि मागची पुढची दोन्ही घरं उशिरा. तोपर्यंत बिचारी तो तास कुणाच्या तरी पार्किंगच्या कट्ट्यावर बसून काढणार. नवीन घर मिळतं ते तोंडोतोंडी, आणि बहुतेक घरं बाई लावतात ती पहिल्या तारखेपासून, म्हणजे मधेच पंधरा तारखेला मोकळी झालेली बाई पुढच्या पहिलीपर्यंत लटकलीच. म्हणून महिना. मी उगाच मोठेपणा म्हणून सांगत नाही, एवढा वेळ लागतोच.

कायद्यात काय आहे असं कुणीतरी विचारणारच. घरकामाला नोटीस किती द्यायची असा आपल्याकडं नियम नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये 'उद्योग' कशाला म्हणायचं त्यातनं घरगुती सेवा बाहेरच ठेवलीय, त्यामुळं कारखान्यातल्या कामगाराला काढताना जे नियम लागतात ते इथं लागत नाहीत. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ नंबरचा करार केला, त्यात काम थांबवायच्या अटी आणि नोटिशीची मुदत बाईला आधीच माहिती पाहिजे असं स्पष्ट आहे, पण भारतानं तो अजून मंजूर केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येतो का ते बघायला समिती नेमा. म्हणजे आजच्या घडीला मुदत ठरवणार कोण तर तुम्ही. मग ती मनाला पटेल अशी ठरवा.

माझा हिशोब असा. बाई लागून सहा महिनेपण झाले नसतील तर पंधरा दिवस चालतील. त्याच्यावर असेल तर पूर्ण एक महिना, आणि तो पहिल्या तारखेपासून मोजायचा, वीस तारखेला सांगून पुढच्या पहिलीला बंद म्हणजे महिना नव्हे. पाच वर्षांच्या वर काम केलेलं असेल तर महिन्याची नोटीस आणि वर काहीतरी रक्कम. किती, तर त्याला एक माप आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातलं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेलं सूत्र घ्या, एका वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. तो नियम दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणांसाठी आहे, आपल्या घराला लागू नाही हे मान्य, पण आकडा काढायला तर कुणी अडवत नाही ना. महिन्याला २,००० देत असाल आणि मावशी आठ वर्षं आल्या असतील तर २,००० गुणिले १५ गुणिले ८ भागिले २६, म्हणजे ९,२३० रुपयांच्या आसपास. आकडा बघून डोळे मोठे होतील, पण आठ वर्षांत एकदा द्यायचेत. एवढं जमत नसेल तर अर्धं द्या, पण शंभराच्या दोन नोटा आणि एक ब्लाऊजपीस देऊन आठ वर्षांचा हिशोब मिटला असं तेवढं समजू नका.

अचानक बदली झाली, घरात कुणी गेलं, गाव सोडायची वेळ आली, तर महिनाभर आधी कुठनं सांगणार. अशा वेळी महिन्याचा पगार हातात द्यायचा आणि काम थांबवायचं. वेळ नाही तर पैसे, दोन्हीपैकी एक तरी.

आता कधी सांगायचं. दिवाळीच्या आधी अजिबात नाही. ऑक्टोबरात बाई बंद करून नोव्हेंबरात नवी लावणारी घरं मी बघितलीत, बोनस वाचवायला, आणि हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला बरोबर कळतं, मग नवीन बाई पगार वाढवूनच मागते. मे अखेर ते जून हा काळपण टाळा, शाळा सुरू व्हायच्या असतात, वह्या, दप्तर, रिक्षावाल्याचा ॲडव्हान्स सगळं एकदम येतं. आणि पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की नदीकडच्या वस्तीतल्या बायकांची झोप उडालेली असते, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला महापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्या आठवड्यात घरातलं सामान माळ्यावर चढवून आलेल्या बाईला नोटीस देऊ नका, पाणी उतरू दे, घर साफ होऊ दे तिचं.

दिवसातली वेळपण बघा. सकाळी साडेनऊला सांगितलंत तर ती तेच डोक्यात घेऊन पुढची तीन घरं करणार. तुमचं घर तिच्या चालीत मधलं असेल तर म्हणा, "मावशी, आज सगळं आवरलं की जाता जाता दहा मिनिटं या, चहा घेऊ." बसवा, चहा द्या, टीव्ही बंद करा. घरातल्या ज्या बाईशी तिचा रोजचा संबंध आहे तिनंच सांगायचं, नवऱ्याला किंवा पोराला पुढं करायचं नाही, आणि वॉचमनकडनं निरोप तर नकोच. व्हॉट्सॲपवर सांगणं सगळ्यात वाईट, कारण मेसेज बऱ्याचदा तिची पोरगीच वाचून दाखवते.

आणि तिच्या आधी शेजारणीला सांगू नका. अपार्टमेंटमध्ये दोन नंबरला बोललेलं पाच नंबरच्या मावशींना लिफ्ट खाली यायच्या आत कळतं. दुसऱ्याच्या तोंडनं कळलं की तिचा जो अपमान होतो तो तुमच्या महिन्याच्या नोटिशीनं भरून येत नाही.

बोलायचं काय? खरं कारण, दोन वाक्यात. साधारण असं:

"मावशी, एक सांगायचंय. यांची आता पेन्शन सुरू झाली, खर्च जरा आवरायला लागलाय, तर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंतच काम ठेवूया. तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही. हा आख्खा महिना तुमचाच आहे, तोवर मीपण तुमच्यासाठी घर बघते."

त्यावर ती म्हणणार, "व्हय वैनी, पण माझं काय चुकलं का?" हे नव्वद टक्के विचारतातच. चुकलं नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. तिथं "तसं काही नाही हो, पण…" असं तोंडातल्या तोंडात केलं की ती महिनाभर विचार करत बसते की वाटी फुटली होती त्याचा राग आला काय.

खोटं कारण देऊ नका, कोल्हापुरात तर नकोच नको, गाव मोठं झालं तरी गल्ल्या त्याच आहेत. "आम्ही सहा महिने पुण्याला लेकीकडं चाललोय" म्हणून सांगायचं आणि चार दिवसात दुसरी बाई त्याच घरात फरशी पुसताना दिसायची. दोघी एकाच वस्तीत राहत असतात, कधी कधी नात्यातल्या असतात. मग तुमचं नाव जे व्हायचं ते होतं आणि पुढच्या वेळी बाई पाहिजे असली की कुणी फिरकत नाही, मग म्हणायचं हल्ली बायका मिळत नाहीत.

काम पटत नाही हे कारण असेल तर जरा वेगळं. तिथं नोटीस ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे नेमकं सांगणं, "काम नीट करा" असं मोघम बोलून काही कळत नाही, "कुकरच्या झाकणाच्या रिंगमध्ये डाळ राहते, आणि बेसिनच्या खालची फरशी रोज पुसायची" असं सांगितलं की कळतं. पंधरा दिवस, तीन आठवडे बघायचं. सुधारलं तर प्रश्न मिटला, नाही सुधारलं तर नोटीस देताना तिलाही ते अचानक वाटत नाही. खाडे फार होत असतील तर आधी विचारा का होतात ते. कंबर धरलीय, घरात आजारपण आहे, की दुसऱ्या घरी जास्त पैसे मिळतात म्हणून तिकडं वेळ जातोय, तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत. बाळंतपण किंवा ऑपरेशन असेल तर काढायची गरजच नाही, बहुतेक मावशी स्वतःच बहिणीला नाहीतर जावेला बदली लावून जातात, दोन-तीन महिने तेवढ्यावर भागवा आणि तिची जागा तिला ठेवा.

चोरीचा संशय, हा सगळ्यात नाजूक मामला. कानातलं सापडेना की पहिलं बोट मावशींकडं, आणि दोन दिवसांनी ते उशीच्या अभ्र्यात सापडतं, हे किती घरात झालंय ते आपापल्या मनाला विचारा. खात्री असेल तर पोलिसात तक्रार द्या, तो सरळ रस्ता आहे. खात्री नसेल तर तोंडातनं शब्द काढू नका, कारण तो शब्द तुमच्या घरात राहत नाही, तिची बाकीची पाचही घरं जातात. नुसताच विश्वास उडालाय आणि महिनाभर घरात नको वाटतंय, तर महिन्याचा पगार द्या आणि थांबवा, कारण न सांगता. पिशवी तपासणं, पोराबाळांसमोर उलटतपासणी करणं, पगार अडवून ठेवणं, यातलं काही करायचा तुम्हाला अधिकार नाही. झालेल्या कामाचे पैसे हे कुठल्याही परिस्थितीत द्यायचेच असतात.

आता पैशाचा हिशोब, इथं सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा सावकाश. वहीचं पान घ्या आणि तिच्यासमोर लिहा. चालू महिन्याचा पगार. दिवाळीचा वाटा, म्हणजे तुमच्याकडं दिवाळीला एक महिन्याचा पगार द्यायची पद्धत असेल आणि मावशी दिवाळीनंतर सहा महिन्यांनी थांबत असतील तर अर्धा महिना. वर सांगितलेली वर्षांची रक्कम. यातनं वजा काय, तर खाडे, पण महिन्यातल्या ठरलेल्या सुट्ट्या सोडून, आणि आषाढात त्र्यंबोली देवीला पाणी घालायला गेलेल्या दिवसाचे पैसे कापण्याइतकं कुणी चिकट होऊ नये असं माझं मत. उचल घेतलेली असेल तर ती सगळीच्या सगळी शेवटच्या पगारातनं कापायची नाही. पाच हजाराची उचल आणि दोन हजाराचा पगार, म्हणजे बाई महिनाभर फुकट राबली आणि वर तीन हजार देणं, असा हिशोब ऐकल्यावर ती दुसऱ्या दिवसापासनं येणारच नाही. दोघींनी मिळून ठरवा, थोडी कापा, थोडी हप्त्यानं, आणि ज्यांना परवडतं त्यांनी जुन्या मावशींची उचल सरळ सोडून द्यावी.

पैसे कुणाच्या हातात पडतात हेही बघा. हल्ली आपण पटकन फोनपे करतो, पण तो नंबर तिचा आहे की नवऱ्याचा की पोराचा हे आधी विचारा. पोटाला चिमटा घेऊन आठ वर्षं राबल्याचे नऊ हजार एका रात्रीत तिसऱ्याच माणसानं उडवायला नकोत. रोख पाहिजे का खात्यात पाहिजे ते तिलाच ठरवू द्या. आणि जुन्या साड्या, जुनं कपाट, पोराची सायकल हे सगळं द्यायचं असेल तर आनंदानं द्या, पण पैशाच्या बदल्यात नाही.

महिनाभरात तुमच्याकडनं जे करायचं त्यात सगळ्यात उपयोगी म्हणजे घर शोधून देणं. आधी तिला विचारा, कुठली वेळ मोकळी पडणार आणि कितीला पाहिजे. मग भिशीत, महिला मंडळात, अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाका, पण "कामवाली पाहिजे का कुणाला" असं मोघम नको. "सकाळी साडेनऊ ते साडेदहा, धुणं-भांडी आणि फरशी, आमच्याकडं आठ वर्षं आहेत, किल्ली त्यांच्याकडंच असायची, पुढच्या पहिलीपासून मोकळ्या" असं लिहिलं की लगेच दोन-तीन फोन येतात. तिचा नंबर टाकायच्या आधी तिला विचारायचं, ही साधी गोष्ट लोक विसरतात. घर जवळचं बघा, ती वेळ बघा.

एक चिठ्ठीपण द्या. दोन ओळी पुरतात:

"श्रीमती ___ यांनी आमच्या घरी सन ___ पासून ___ पर्यंत धुणं-भांडी व साफसफाईचं काम केलं. काम चोख, वागणं प्रामाणिक. आमच्या घरगुती कारणामुळे काम थांबवत आहोत. सही, नाव, पत्ता, तारीख."

ही चिठ्ठी नुसती नव्या घरात दाखवायला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, त्यात १८ ते ६० वयाच्या घरकामगाराची नोंदणी होते आणि नोंदणीला मालकाचा दाखला लागतो. नोंदणी असली तर सन्मानधन योजनेत ५५ वर्षं पूर्ण झालेल्या बाईला १०,००० रुपये मिळतात. बऱ्याच मावशींची नोंदणीच नसते कारण दाखला द्यायला घरमालकीण घाबरते, सही केली की काय मागं लागेल म्हणून. काही लागत नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयातनं अर्ज आणून त्यांच्या नमुन्यातच दाखला भरून द्या, तुमच्याकडं असतानाच, नंतर जुन्या मालकिणीच्या दारात सहीसाठी हेलपाटे मारायला कुणाला आवडत नाही. ई-श्रम कार्ड नसेल तर तेही याच महिन्यात काढायला लावा, आधार आणि मोबाईल असला की होतं, वय १६ ते ५९ पाहिजे.

नोटिशीच्या महिन्यात दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तिला आठवड्यातच दुसरं घर मिळतं आणि ती म्हणते मी उद्यापासून तिकडं जातो. जाऊ द्या. त्या दिवसापर्यंतचा पगार, वर्षांची रक्कम, चिठ्ठी सगळं द्या, "महिना भरला नाही" म्हणून अडवू नका, नोटीस तिच्या सोयीसाठी दिली होती. दुसरं, काम थोडं ढिलं पडतं. पडणारच. तिकडं कानाडोळा करा. पण तुम्हीसुद्धा आता जाणारच आहेत म्हणून माळा, पितळेची भांडी, पडदे, गोधड्या असं वर्षाचं सगळं काम त्या महिन्यात काढू नका, तसलं करायचं असेल तर वेगळे पैसे.

किल्ली शेवटच्या दिवशी घ्या, नोटीस देतानाच हात पुढं करू नका.

नवीन बाई येणार असेल तर जुन्या मावशींना "जरा दोन दिवस तिला दाखवून द्या" म्हणायची पद्धत आहे, ते त्यांची तयारी असली तरच, आणि त्या दोन दिवसांचे पैसे दोघींनाही. नव्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं की आधीच्या का गेल्या, तर जे मावशींना सांगितलं तेच तिलाही सांगा.